मनाला वाटतो तो वेळ खरा की घड्याळाचा?

पाऊणतास:
‘मनातला वेळ वेगळा, घड्याळातला वेगळा’ हे वाक्य हल्ली कुणीही कुठंही चिकटवतं. माझ्या मते वेळ एकच, घड्याळाचा. मनाला वाटतो तो मागाहून लावलेला हिशेब, आणि तोही बहुतेकदा चुकलेला.

१९६२ साली मिशेल सिफ्र हा तेविशीतला फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. उठला, जेवला, झोपायला निघाला की वरच्या सोबत्यांना फोन करायचा. त्यांनी मात्र वेळ सांगायची नाही, असं ठरलेलं. १४ सप्टेंबरला मुक्काम संपला तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट चालू होता. पंचवीस दिवस गायब! सेकंदाला एक या चालीनं १२० पर्यंत मोजायचं, तर गड्यानं पाच मिनिटं घेतली.

दुसरा प्रयोग मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा. माणसांना ३१ मीटरवरून पाठमोरं खाली जाळ्यात सोडलं. दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं सरासरी ३६ टक्के लांबल्यासारखं वाटलं. पण मनगटावरच्या यंत्रात आकडे एरवी वाचता येणार नाहीत अशा वेगानं लुकलुकत होते. वेळ खरोखर मंदावला असता तर ते वाचता आले असते. नाही आले. भीतीमुळे आठवण दाट झाली, म्हणून ती लांब वाटली, बस.

गुडघेदुखी:
मागाहून लावलेला हिशेब? इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात अधिष्ठानाला बसून बघा. तासभर डोळे मिटलेले, हातपाय हलवायचे नाहीत. अर्धाअधिक तास गेला असावा असं वाटतं तोवर डाव्या गुडघ्यात ठणका सुरू होतो. मग तास संपताना लागणारा गोएंका गुरुजींचा ध्वनिमुद्रित आवाज कधी लागतोय याची वाट बघणं एवढंच उरतं. कुणी खाकरलं तरी वाटतं, लागला! तेव्हा आठवण-बिठवण काही नसते साहेब, वेळ जागच्या जागी ताणलेला असतो.

चुनाकात:
+१. लॉकडाऊन आठवा. दिवस जाता जात नव्हता, आणि २०२० कुठं गेलं ते कळलं नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय: रिकामा वेळ जाताना लांब, मागे वळून पाहताना आखूड, भरगच्च सहलीचं नेमकं उलट. धागाकर्त्यानं दोन्ही एकाच पोत्यात कोंबलंय. पडण्याचा प्रयोग मागे वळून बघण्याचा आहे, गुडघ्याचा अनुभव तसा नाही.

उपग्रहप्रेमी:
बरं, ‘घड्याळाचा वेळ एकच’ हे तरी कुठं खरं? सापेक्षतेच्या नियमांमुळे जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त करावं लागतं, नाहीतर मोबाईलवरचा नकाशा तुम्हाला भलत्याच गावात नेऊन सोडेल.

पाऊणतास:
त्या ३८ चं गणित आधीच मांडता येतं. गुडघ्याचं मांडून दाखवा! ६ एप्रिल १९२२ ला पॅरिसमध्ये हाच वाद झाला होता. तत्त्वज्ञ बर्गसाँ म्हणत होता की जगलेला काळ घड्याळात मावत नाही. आइन्स्टाईननं तोंडावर सांगितलं, तत्त्वज्ञांचा म्हणून वेगळा काळ नसतो.

जुनागिरगावकर:
मुंबईत तर १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाईम’ होता, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा कुठला खरा म्हणायचा?

चुनाकात:
काका, ते रेखांशाचं प्रकरण. इथं मनाचं चाललंय.

@पाऊणतास, अर्धंच सांगितलंत. त्याच दमात आइन्स्टाईननं हेही म्हटलं की मानसिक काळ असतो आणि तो भौतिक काळाहून वेगळा असतो. त्याला तो चुकलेला हिशेब म्हणाला नाही. आणि सिफ्रचं पुढचं का गाळलं? त्याच्या फोनांवरून वरच्यांनी झोपण्या-उठण्याचं चक्र मोजलं तर ते साडेचोवीस तासांच्या आसपास निघालं. शरीराचं घड्याळ जवळपास बरोबर चालत होतं, फक्त मनाची मोजदाद गंडली. मग ‘मनाला वाटतो तो वेळ’ म्हणजे यातला कुठला?

कंपाउंडर:
माझा प्रश्न साधा आहे. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि कानेमन या संशोधकांनी कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) रुग्णांना, तपासणी चालू असतानाच, मिनिटामिनिटाला किती दुखतंय ते विचारलं. काहींची तपासणी ४ मिनिटांत आटोपली, काहींची ६९ मिनिटं चालली. नंतर ‘एकूण किती त्रास झाला’ असं विचारलं, तर उत्तराचा आणि तपासणी किती वेळ चालली याचा फारसा संबंध लागेना. सगळ्यात जास्त दुखलं ती वेळ आणि शेवट, यांवरच मत ठरत होतं. पुढच्या एका प्रयोगात शेवटी कमी दुखणारी मिनिटं मुद्दाम वाढवली, तर रुग्णांना त्रास कमी वाटला. आता सांगा, डॉक्टरनं तपासणी लवकर संपवावी की लांबवावी?

पाऊणतास:
लवकर संपवावी. जास्त मिनिटं दुखलं म्हणजे जास्त दुखलं, नंतर काहीही वाटो.

गुडघेदुखी:
दुखणारी मिनिटं मोजायला लागलात की! ती घड्याळानं कशी मोजाल? घड्याळाला गुडघा नसतो.

पाऊणतास:
मिनिटं घड्याळानंच मोजली, दुखणं रुग्णानं सांगितलं. मी दुखणं नाकारत नाहीये, त्याला वेळ म्हणायला नकार देतोय.

कंपाउंडर:
मग पुढच्या वेळी तपासणीला यायचं की नाही, हे रुग्ण कशावर ठरवतो? मिनिटांवर तर नाही. आणि तो आलाच नाही, तर तुमच्या लवकर संपवण्याचा उपयोग काय?