मदत हवी आहे: जुन्या गिरणीच्या जागेवर पायलिंग

मंडळी, शिवडीला बंद पडलेल्या कापड गिरणीच्या जागेवर पाइलवर (भार खोल खडकापर्यंत नेणारे जमिनीतले काँक्रीटचे खांब) सात मजली इमारत येतेय. वर साडेतीन मीटर भराव आहे: विटांचे तुकडे, बॉयलरची राख आणि जुन्या रंगखात्यापाशी जांभळट, उग्र वासाची माती. त्याखाली सहा मीटर मऊ समुद्री चिकणमाती (ठोके मोजून मातीचा घट्टपणा तपासणाऱ्या एसपीटी चाचणीत एन, म्हणजे ठोके, फक्त 2 ते 4), मग मुरूम आणि भेगाळ खडक. पाणी दीड मीटरवर.

चाचणी खड्ड्यांत जुन्या यंत्रांचे पाये लागले, तिथले पाइल सरकवले. सगळा भराव काढणं शक्य नाही, कुंपणाला लागून उथळ पायाची चाळ आहे. त्याच कारणाने ठोकून बसवायचे पाइलही बाद.

मातीत सल्फेट 0.6 टक्के, पाण्यात क्लोराइडही भरपूर. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) अशा ठिकाणी सल्फेटरोधक सिमेंटऐवजी 50 टक्क्यांहून जास्त स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट चालवतं, म्हणून तेच घेतोय. सिमेंटचा प्रश्न नाही.

खरी काळजी चिकणमातीची. भरावातल्या दूषित पाण्याला सध्या तिनेच अडवलंय आणि आम्ही तिलाच भोकं पाडणार. बोअर करण्याआधी कायमचा स्टील लायनर (पाइलभोवतीची नळी) चिकणमातीत दोन मीटर रुतवला, तर दूषित पाणी पाइलच्या कडेने खडकापर्यंत उतरणं थांबेल का, की रंगखात्याजवळची माती आधी काढायलाच हवी? अशा जागेवर प्रत्यक्ष काय केलंत?