चर्चा: संयुगांची जुनी नावे परीक्षेतून वगळावीत का?

धागालेखक
दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांना आययूपॅक या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संस्थेच्या पद्धतीने नावे कशी द्यावीत हे शिकवले जाते आणि त्याच पाठात व्यवहारातली नावेही लक्षात ठेवावी लागतात. माझ्या मते परीक्षेसाठी फक्त पद्धतशीर नावे ठेवावीत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये नवी नामपद्धती मांडली ती नावावरून पदार्थाचे घटक कळावेत म्हणूनच. त्याआधीच्या ‘एप्समचे मीठ’ किंवा ‘ग्लाउबरचे मीठ’ या नावांवरून गाव किंवा माणूस कळतो. पहिल्यात मॅग्नेशिअम आहे आणि दुसऱ्यात सोडिअम, हे कळत नाही. फेरस-फेरिकचेही तेच. फेरसमध्ये लोहाची संयुजा (इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) २ आणि फेरिकमध्ये ३ असते, पण क्युप्रस-क्युप्रिकमध्ये तांब्याची अनुक्रमे १ आणि २. प्रत्ययावरून कमी-जास्त समजते, आकडा मात्र पाठच करावा लागतो. धातूच्या नावापुढे कंसात संयुजेचा रोमन आकडा लिहिला की हा प्रश्नच उरत नाही.

औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर
मी असहमत आहे. रक्तक्षयाच्या गोळ्यांच्या वेष्टनावर आजही ‘फेरस सल्फेट’ छापलेले असते, आणि द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक फवारणीसाठी) दुकानात मोरचूदच मागतो, कॉपर सल्फेट नाही. पॅरासिटामॉलचे पद्धतशीर नाव एन-(४-हायड्रॉक्सीफिनाइल)अ‍ॅसिटामाइड असे आहे. ते रचना अचूक सांगते, पण कोणताही डॉक्टर चिठ्ठीवर ते लिहिणार नाही. शिवाय आययूपॅकने स्वतः २०१३ च्या शिफारशींमध्ये ‘इथेनॉइक आम्ल’ऐवजी ‘अ‍ॅसेटिक आम्ल’ हेच पसंतीचे नाव ठरवले आहे. ज्या संस्थेचा आधार घेऊन आपण जुनी नावे वगळू पाहता, तिनेच त्यांतली काही जपली आहेत.

माध्यमिक शाळेतील शिक्षक
अ‍ॅसेटिक आम्लाचा मुद्दा मान्य आहे, तरीही मी धागालेखकांच्या बाजूने आहे, कारण पद्धतशीर नाव विद्यार्थ्याला स्वतःची चूक शोधू देते. प्रोपेनच्या (तीन कार्बनच्या साखळीच्या) मधल्या कार्बनला इथाइल गट जोडलेली रचना फळ्यावर काढली की अनेक मुले ‘२-इथाइलप्रोपेन’ असे नाव देतात. मग त्यांना इथाइलमधले दोन कार्बन धरून, वळण घेत, सर्वांत लांब साखळी मोजायला सांगावे. ती चार कार्बनची निघते, बाजूला एक मिथाइल (एका कार्बनचा गट) उरतो आणि नाव होते २-मिथाइलब्युटेन. ‘आयसोपेंटेन’ हे त्याच पदार्थाचे जुने नाव पाठ असलेल्या मुलाला बरोबर-चूक ताडून पाहण्याची अशी सोय नसते.

औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर
नियम शिकवावेत याला माझा विरोध नाहीच. पण पाऱ्याचे मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, एकेकाळी रेचक म्हणून दिले जाई आणि मर्क्युरिक क्लोराइड हे जहाल विष आहे. जुन्या बाटलीवरचा हा एका प्रत्ययाचा फरक ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती ती बाटली देणे धोक्याचे आहे.

धागालेखक
दोन अगदी वेगळ्या गुणांचे पदार्थ एवढ्या बारीक फरकावर सोपवणे हाच तर जुन्या पद्धतीचा दोष आहे! तरी आपला मुद्दा वजनदार आहे. जी नावे वेष्टनांवर आणि बाजारात खरोखर वापरात आहेत, त्यांचा तक्ता पुस्तकात जरूर असावा. गुण मात्र नाव कसे तयार झाले यालाच द्यावेत.

औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर
ज्याला गुण नाहीत तो तक्ता वर्गात कोणी उघडत नाही, हे शिक्षकांनाही ठाऊक असेल. रचना देऊन पद्धतशीर नाव विचारा आणि त्याच प्रश्नात व्यवहारातले नाव ओळखायला एक गुण ठेवा; एवढे झाले तर माझी हरकत राहणार नाही.