विषय: डिसेंबरातील इराकचा प्रवास – विचारणा

सर्व सभासदांना सादर नमस्कार.

डिसेंबरात मंडळातील आम्ही पाच जण बगदाद, बाबिलोन, उर आणि मोसुल असा दहा दिवसांचा प्रवास आखत आहोत. माझे माहेर छत्रपती संभाजीनगरचे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे आमचे शहर, वसवणारा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जाऊन हबशी देशातून (आजच्या इथिओपियातून) मोखा, बगदाद करत दख्खनेत आला, हे लहानपणापासून ऐकल्यामुळे बगदादची ओढ जुनीच आहे. घरून मात्र बाबांचा रोज फोन येतो आणि "पोरी, बाकीचं जग बघून झालं का तुझं?" असे ते विचारतात. ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

मेघना, मस्कत

*

मेघनाताई, नमस्कार.

मस्कतची नोकरी संपल्यापासून मी धाराशिव जिल्ह्यात, तेरला राहतो. पण मंडळाची पत्रे न चुकता वाचतो. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता इराकला जाऊन आलो, म्हणून लिहितो.

"देश सुरक्षित आहे का?" असे विचारून काही हाती लागत नाही, कोणता रस्ता, कोणता आठवडा आणि कोणाची गाडी, हे विचारावे. बगदादहून उरजवळच्या नासिरियाला जाताना इतके तपासणी नाके लागले की आमच्या चालकाने पासपोर्टच्या झेरॉक्सचा गठ्ठा गाडीच्या काचेपाशीच ठेवला होता आणि प्रत्येक नाक्यावर एक प्रत देऊन तो पुढे निघत असे. नाक्यावर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. उत्तरेकडील स्वायत्त कुर्दिस्तानचा व्हिसा बगदादकडे चालत नाही. विम्याच्या कागदातील युद्धासंबंधीचे कलम मात्र स्वतः वाचा, एजंटावर विसंबू नका. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाऊ नये असे सांगितलेले असताना गेल्यास बहुतेक विमे हात वर करतात.

बाबिलोनमध्ये सद्दामने जुन्या पायावर नव्या भिंती चढवल्या आणि विटांवर स्वतःचे नाव कोरून घेतले. २००३ नंतर तिथे परदेशी फौजांची छावणी पडली आणि त्यांनी त्याच पुरातन मातीत चर खणले. या दोन्ही गोष्टी वाटाड्याने एकाच सुरात सांगितल्या.

उरला झिगुरातच्या, म्हणजे टप्प्याटप्प्यांनी चढत जाणाऱ्या प्राचीन मंदिराच्या, विटांमधले डांबर अजून दिसते आणि आजूबाजूला जिकडे पाहावे तिकडे खापरे पडलेली असतात. आमच्या तेरला पहिला पाऊस झाला की शेतात मणी आणि खापरे वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू गोळा केल्या म्हणून गावाला संग्रहालय लाभले. ती सवय अंगात असल्याने मी वाकलोच. पत्नीने मागून सदरा धरला. २०२२ मध्ये एरिडू या उरजवळच्या प्राचीन स्थळावरून डझनभर खापरे उचलणाऱ्या एका ब्रिटिश भूवैज्ञानिकाला तिथे पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. ती पुढे रद्द झाली, तरी काही महिने त्याला कोठडीत काढावे लागलेच. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून सुमारे पंधरा हजार वस्तू लुटल्या गेल्या आणि नंतर दक्षिणेकडील प्राचीन वस्त्यांची टेकाडेही चोरांनी पोखरली. त्यानंतर तिथल्या लोकांनी परक्याच्या हाताकडे बारकाईने पाहिले, तर त्यांना दोष देता येत नाही.

मोसुलला आम्ही गेलो नाही. अल-नूरी मशिदीचा २०१७ मध्ये उडवलेला मनोरा आता ढिगाऱ्यातून निवडलेल्या जुन्या विटा वापरून पुन्हा उभा केला आहे; तो जरूर पाहावा. मात्र तिथल्या कोणत्याही पडक्या वाड्यात फोटोसाठीसुद्धा शिरू नये, कारण त्याच मशिदीच्या भिंतीत लपवलेले पाच बॉम्ब थेट २०२४ मध्ये सापडले.

बाबांना हवे तर माझा नंबर द्या.

आपला, काका (तेर)

*

काका, मनापासून आभार. मोसुलचा निर्णय तिथल्या वाटाड्याशी बोलल्यावरच घेऊ. तुमचे पत्र बाबांना फोनवर वाचून दाखवले. "ते खापरं न उचलायचं तेवढं पटलं," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासाने मात्र तुमचा नंबर मागायला पुन्हा केला.

मेघना