लाकडाची शेगडी: हवेची झडप हाताने की आपोआप?

व्हरमाँटहून
आमची जुनी बिडाची शेगडी यंदा बदलायची आहे आणि नवी घेताना हवा आपोआप सांभाळणारीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आत्ताच्या शेगडीला पुढे एक दांडा आहे, तो सरकवून हवा कमीजास्त करायची. विस्तव सकाळपर्यंत टिकावा म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही तो जवळजवळ बंद करून झोपायचो. मार्चमध्ये धुराडं साफ करणाऱ्याने आतला डांबरासारखा चकचकीत थर खरवडून दाखवला. हा थर पेटला की घराला आग लागू शकते. मला झोप लागेना.

आपोआप चालणाऱ्या शेगडीत दोन धातू जोडून केलेली स्प्रिंग असते. शेगडी तापली की ती वळते आणि झडप मिटते, निवली की उघडते. वीज लागत नाही. सासूबाई हिवाळ्यात साताऱ्याहून येतात, दुपारी घरी एकट्याच असतात. त्यांनी सारखं उठून दांडा बघायचा का?

मेनहून
ताई, तो थर दांड्यामुळे नाही, ओल्या लाकडामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे झाला. स्प्रिंगला फक्त लोखंड किती तापलंय ते कळतं. आत जाळ पिवळा आहे की नुसता धूर कोंडलाय, ते कळत नाही. आणि आपोआप म्हणजे काय, तर तुम्ही लावलेल्या तापाच्या खुणेवर शेगडी धरून ठेवणं. खूण खाली लावलीत तर ती इमानेइतबारे रात्रभर धुमसत ठेवेल! मी अकरा हिवाळे हातानेच हवा सांभाळतोय. लाकूड टाकल्यावर वीस मिनिटं काचेसमोर बसायचं, जाळ धरला की टप्प्याटप्प्याने दांडा आत. सासूबाईंनी चुलीवर स्वयंपाक केला असेल तर त्यांना जाळ आपल्यापेक्षा जास्त कळतो.

व्हरमाँटहून
दादा, चुलीवरच्याच सवयीने त्या इथे अडतात. चुलीचा जाळ कमी करायला लाकूड बाहेर ओढतात. इथे लाकूड आत कोंडलेलं असतं, हात फक्त हवेपर्यंत पोचतो. दार उघडून लाकूड ओढायला गेल्या तेव्हा खोलीभर धूर झाला होता. खुणेबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्युनिकहून
इकडे वाद पुढे गेलाय. जर्मनीत शेगडीला ‘ब्लाउअर एंगल’ हे पर्यावरणचिन्ह हवं असेल तर हवेचं नियंत्रण आपोआप असावंच लागतं. माणूस हवा चुकवतो हे त्यांनी धरूनच चाललंय, आणि ते मला पटतं. काही शेगड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजून मोटर झडपा हलवते, म्हणजे नुसत्या लोखंडाच्या तापावर भिस्त नाही.

मेनहून
आणि वीज गेली की? जानेवारी १९९८च्या बर्फवादळात इथे कित्येक घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. लाकडाची शेगडी आम्ही त्याच दिवसांसाठी ठेवतो. नियमांचं म्हणाल तर अमेरिकेची २०२०ची मर्यादा, नेहमीच्या सरपणावर चाचणी केली तर तासाला २.५ ग्रॅम धूरकण, हाताच्या शेगड्याही पाळतात.

मिशिगनहून
स्प्रिंग घ्याच, पण उत्प्रेरक (धूर कमी तापातच जाळायला मदत करणारा पदार्थ) असलेल्या शेगडीत. धूर एरवी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात, उत्प्रेरकावर तो २६०च्या आसपासच जळू लागतो. म्हणून मंद आचेवरही धुराडं बरंच स्वच्छ राहतं. उत्प्रेरक नसेल तर मेनकरांचा आक्षेप पूर्ण लागू.

व्हरमाँटहून
मग तशीच बघते. मत बदललेलं नाही, स्प्रिंगच हवी. काल सरपणाचा ओलावा मोजला, २७ टक्के निघाला. मेपल सप्टेंबरात फोडलं होतं.

मेनहून
२०च्या खाली हवा. आणि ओंडका नव्याने फोडून मधल्या भागात मोजा. बाहेरून मोजलं असेल तर आत २७पेक्षा जास्तच असेल.