जुन्या ट्रकचं अ‍ॅव्हरेज पडलंय: तुमचे अनुभव लिहा

माझ्या छोट्या डिझेल ट्रकला अठरा वर्षं झाली. लिटरला 11 किलोमीटर देणारी गाडी गेल्या दीड वर्षात 8 वर आली आहे. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल सगळं बदललं. डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून घेतले. आकडा जागचा हलला नाही. काळा धूर नाही, पिकअपही बरा आहे, त्यामुळे आता हात कुठे घालायचा तेच कळत नाही. गाडी मला विकायची नाही, तिनं खूप साथ दिली आहे.

ज्यांनी हे भोगलंय आणि सोडवलंय त्यांनी कृपया लिहा. नुसतं 'इंजिनचं काम काढा' नको. काय दिसलं, कशावरून ओळखलं आणि दुरुस्तीनंतर किती फरक पडला, ते हवंय. पेट्रोलवाल्यांनीही लिहा.

*

आधी आकडा खरा आहे का ते बघा. टाकी फुल ते टाकी फुल, तीही सलग तीन वेळा. एका टाकीवरून काहीच ठरवू नका. पंपाचं पिस्तूल पहिल्यांदा बंद पडलं की थांबायचं, वरून भर घालायची नाही.

माझं अ‍ॅव्हरेज पडलं होतं ते टायर बदलल्यानंतर. जुन्या टायरचा व्यास 70 सेंटिमीटर, नवीन 75. चाक मोठं झालं की फेरे कमी होतात आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतं. मीटर म्हणत होतं 420, खरं अंतर होतं 450. डिझेल गेलं 50 लिटर. म्हणजे 8.4 वाटत होतं ते प्रत्यक्षात 9 होतं. टायरवर खडूची खूण करून गाडी बरोबर एक फेरा पुढे ढकलली, जमिनीवरचं अंतर टेपनं मोजलं आणि जुन्या टायरच्या फेऱ्याशी ताडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. मोठे टायर जड असतात, त्यामुळे थोडी खरी घटही होते, पण निम्मं दुखणं मीटरचं होतं.

*

धागाकर्ते, धूर नाही आणि पिकअप ठीक आहे म्हणताय तर इंजिन सोडा, चाकं बघा. माझंही अगदी असंच होतं.

वीसेक किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी मारा. शेवटी हलक्या चढावर गाडी आपोआप थांबू द्या, मग चाकांना दगड लावा. आता प्रत्येक चाकाच्या हबजवळ तळहात न्या. हात लावायचा नाही, भाजेल. माझ्या तीन चाकांजवळ कोमट लागलं आणि मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. जळक्या ब्रेक लायनरचा वासही येत होता, तो मी कित्येक महिने क्लचचा समजत होतो. जॅकवर घेऊन चाक फिरवलं तर अर्धा फेरा घेऊन थांबलं. बाकीची चाकं सैल फिरत होती.

आता अडकलंय कुठे ते शोधायची युक्ती. चाक वर असतानाच त्याचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आतच कोंडला होता. म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, होस, आतून फुगलाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचा दाब तयार करणारा) दाब सोडत नाहीये. निपल उघडूनही चाक जामच असेल, तर दोष चाकापाशी किंवा हँडब्रेकच्या केबलमध्ये. माझा होस निघाला. बाहेरून नव्यासारखा दिसत होता, कापून पाहिला तर आतली वाट जेमतेम सुईएवढी. तो बदलल्यावर 7.5 चं 9 झालं. निपल उघडल्यावर ब्रेकमधली हवा काढायला विसरू नका, हे हात जोडून सांगतो.

*

माझी गाडी पेट्रोल, इंजेक्शनवाली. तापमानाचा काटा कधीच पावाच्या पुढे जायचा नाही. पूर्वी कधीतरी इंजिन तापत होतं म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला होता. इंजिन थंड आहे असं कॉम्प्युटरला कायम वाटत राहिलं आणि तो जास्तीचं पेट्रोल देत राहिला. ओळखायचं असं: सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होसला हात लावून बघत राहा, पंख्यापासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होस बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. माझा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत होता. डिझेलचंही इंजिन नीट तापलं नाही की डिझेल जास्त जातं.

*

कार्ब्युरेटरवाल्यांनी आधी चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेची) केबल बघावी. माझी अर्ध्यावर अडकून राहायची. चारही प्लग काजळीनं काळे झाले होते. केबलला तेल दिलं, प्लग बदलले, आठवड्याभरात नवे प्लग फिक्या तपकिरी रंगावर आले.

*

एअर फिल्टरबद्दल एक सांगायलाच हवं, कारण प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत कोंदलेला फिल्टर अ‍ॅव्हरेज खातो. डिझेलमध्ये काळा धूर होतो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र जेवढी हवा आत येते तेवढंच पेट्रोल मोजून दिलं जातं. तिथे पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. फिल्टर वेळेवर बदलाच, पण त्यानं अ‍ॅव्हरेज परत येईल या आशेवर राहू नका.

*

आमच्या गाडीचं डिझेल गळत होतं आणि आम्ही नोझलला दोष देत होतो. रात्रभर उभी राहिली तरी खाली एक थेंब नसायचा, कारण गळती फक्त इंजिन चालू असताना व्हायची. टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्न लाइनचा होस तडकला होता. चेसिसच्या आतल्या बाजूला एका पट्ट्यात धूळ ओली होऊन चिकटून बसली होती, त्यावरून सापडलं. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरा, अशी ओली धूळ दिसते का बघा.

*

गाडीत दोष नसताना माझं अ‍ॅव्हरेज पडलं होतं. रस्ता रुंद झाला आणि मी 75 ऐवजी 90 नं जाऊ लागलो, एवढंच. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 90 ला तो 75 च्या जवळपास दीडपट होतो. ट्रकचं तोंड सपाट, त्यात माझी ताडपत्री सैल फडफडणारी. ती ताणून बांधली, वेग उतरवला. दीडेक किलोमीटर परत मिळाला.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करून बघत गेलो.

टायर मूळ मापाचेच आहेत, गळतीही नाही. चाकांचं पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही, चारही सारखी कोमट. दुसऱ्या दिवशी तीस किलोमीटर चालवल्यावर मागचं उजवं चाक स्पष्ट जास्त तापलेलं. जॅकवर घेतलं, निपल उघडला, तरी चाक जड. हँडब्रेकची केबल सोडवली आणि चाक मोकळं फिरायला लागलं. केबल वेष्टनात गंजून धरली होती, हँडब्रेक सोडला तरी पूर्ण परतत नव्हती.

नवीन केबल टाकून दोन टाक्या झाल्या: 9.6 आणि 9.8.

काल सकाळी थर्मोस्टॅटवाली परीक्षा घेतली. माझाही वरचा होस सुरुवातीपासूनच तापतोय. काटा खाली राहतो म्हणजे इंजिन छान थंड चालतंय, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. थर्मोस्टॅट मागवला आहे. तो बसवल्यावर तीन टाक्या मोजून इथेच आकडे टाकतो.