मदत हवी आहे: ८ जीबी रॅमवर लिबरऑफिस बिल्ड होत नाहीये

लिबरऑफिसच्या रायटर या वर्ड प्रोसेसरमधल्या देवनागरी मजकुराच्या एका बगवर मनापासून काम करायचंय, पण सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करायचा बिल्डच पुरा होत नाही.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज ११, त्यावर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू. ऑटोजेन (बिल्डची पूर्वतयारी करणारी स्क्रिप्ट) नीट चालतं, मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) बराच वेळ चालतं आणि रायटरच्या एसडब्ल्यू मॉड्यूलपाशी थांबतं: 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस'. म्हणजे सी++ कंपायलरला मेमरीच पुरत नाही, हे उघड आहे. डब्ल्यूएसएल मुळात निम्मीच रॅम घेतं, म्हणून डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये ती ६ जीबी केली, स्वॅपही (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला. पॅरललिझम (एका वेळी चालणारी कामं) २ वर आणला. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं टूल) चालू आहे. सोर्स लिनक्सच्याच होम फोल्डरमध्ये आहे, सी ड्राइव्हवर नाही. आता एरर पुढे सरकली, पण गेली नाही.

लॅपटॉप घरात सगळ्यांचा, त्यामुळे ड्युअल बूट किंवा फॉरमॅट शक्य नाही. रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली आहे. नेट मोबाइल हॉटस्पॉटचं, म्हणून सोर्सचा रेपो शॅलो क्लोन केलाय, म्हणजे जुन्या बदलांच्या इतिहासाशिवाय उतरवलाय. मोठं डाउनलोड पुन्हा परवडणार नाही.

एवढ्या रॅमवर ज्यांनी बिल्ड पुरा केलाय, त्यांनी ऑटोजेन-इनपुट या पर्यायांच्या फाइलमध्ये नेमके कोणते पर्याय ठेवले? मी सध्या डीबगयूटिल (जादा तपासण्या असलेला डीबग बिल्ड) चालू ठेवलंय. ते काढून फक्त एसडब्ल्यूपुरती डीबग सिम्बॉल्स (डीबगरला कोडमधली जागा दाखवणारी माहिती) ठेवली, तर पॅच, म्हणजे माझी दुरुस्ती, तपासायला तेवढं पुरेल का?