फ्रेंच अभिनेत्री एमान्युएल रिवा तुम्हाला कुठे भेटली?

परवा 'आमूर' हा तिचा सिनेमा पुन्हा लावला आणि अर्ध्यावर बंद केला. मला रिवा उलट्या क्रमाने भेटली. आधी २०१२ च्या 'आमूर'मधली ऐंशीपुढची, मग १९५९ च्या 'हिरोशिमा मोनामूर'मधली तरुणी. तुमचा क्रम कोणता? समीक्षा नको, अनुभव लिहा. आणि 'आमूर'चा शेवट कृपया फोडू नका.

*

पुण्यात शिकत असताना लॉ कॉलेज रोडवर, फिल्म आर्काइव्हच्या थिएटरात 'हिरोशिमा' पाहिला. सबटायटल वाचू की तिचा चेहरा बघू, हेच ठरेना. जपानी प्रियकर म्हणत राहतो की तू इथे काहीच पाहिलेलं नाहीस, आणि ती पाहिलेलं सांगत राहते. मग तिचं फ्रान्समधलं नव्हेर गाव, जर्मन सैनिकावर प्रेम केलं म्हणून कापलेले केस, तळघर. बाहेर आल्यावर मित्राने विचारलं, "कळला का?" मी हो म्हणालो. साफ खोटं! चित्रीकरणाच्या दिवसांत रिवाने स्वतः हिरोशिमात काढलेले फोटो खूप वर्षांनी पुस्तकात आले. ते पाहिले तेव्हा थोडासा कळला.

*

'थ्री कलर्स : ब्लू'मध्ये ती ज्युलिएत बिनोशची आई आहे. नजर टीव्हीवर, आणि मुलीला समजते आपली बहीण. माझी आजी मला नणंदेच्या नावाने हाक मारायची. आम्ही हसायचो. तो प्रसंग पाहिल्यावर हसू येईना.

*

आईला अर्धांगवायू झाला, अडीच वर्षं घरीच होती. 'आमूर' त्याच काळात पाहिला, पाहायला नको होता. रिवा त्यात अ‍ॅन आहे. अ‍ॅनची उजवी बाजू गेलेली असते. एक नर्स तिचे केस खसाखसा विंचरते, आणि नवरा, म्हणजे नट त्रँतिन्याँ, तिला पैसे देऊन काढून टाकतो. आमच्याकडच्या ब्यूरोच्या बाई अशाच विंचरायच्या. आईला बोलता येत नव्हतं, डोळे घट्ट मिटून घ्यायची. मला दिसत होतं. पण दुसरी बाई मिळायला पंधरा दिवस लागायचे, म्हणून मी गप्प. सिनेमा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून विंचरणं मी घेतलं. खोबरेल तेल आणि रुंद दातांचा कंगवा.

*

२५ फेब्रुवारी २०१३, सोमवार सकाळ. ऑफिसात चोरून ऑस्कर बघत होतो. तिकडे अजून २४ तारीख, म्हणजे तिचा ८६ वा वाढदिवस. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या विभागातली सर्वांत वयस्कर नामांकित ती, आणि सर्वांत लहान ९ वर्षांची क्वेन्झानी वॉलिस, एकाच यादीत! मिळालं जेनिफर लॉरेन्सला. ब्रिटनचा बाफ्टा आणि फ्रान्सचा सेझार रिवाकडे होते, तरी दिवसभर चिडचिड झाली.

*

कोणी लिहिलं नाही म्हणून : नटी होण्याआधी ती शिवणकाम करायची. घरच्यांचा विरोध असताना पंचविशी उलटल्यावर पॅरिसला गेली. मी ब्लाउज शिवते, वय चौतीस. एवढंच.

*

कंगव्याचं लिहिणाऱ्या ताई, मी परवा तिथेच बंद केला होता.